वहीतला चौथा रकाना

गळ्यात काय घालावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मीटरमावशींच्या गळ्यात गेली बावीस वर्षं मीटर होता. पिवळा, चिमट्याच्या तोंडाचा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. वायरीभोवती चिमटा लावला की आत किती करंट वाहतोय ते आकड्यात सांगायचा. मावशी जिना चढायला लागल्या की तो छातीवर टकटक आपटायचा, आणि त्या आवाजावरून गाळ्यागाळ्यांतले लोक आपापले चोरटे हीटर बंद करायचे.

इमारत तीन मजली, छोट्या उद्योगांच्या गाळ्यांची. तळाला वेल्डर, पहिल्या मजल्यावर मशीनवर भरतकाम करणारा गाळा, दुसऱ्यावर चष्म्याच्या काचा घासणारे एक गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, तिसऱ्यावर घरांचे नकाशे काढणाऱ्यांची कचेरी. या सगळ्यांची वीज मावशींच्या ताब्यात. म्हणजे पगार त्यांना एका माणसाचा मिळे आणि रुबाब त्या अख्ख्या वीज खात्याचा करत.

हे काम मुळात त्यांच्या नवऱ्याचं. मावशी शिडी धरायला म्हणून सोबत जायच्या आणि खालून वर बघत बघत सगळं शिकल्या. पुढे नवऱ्याच्या पाठीनं असहकार पुकारला, शिडी चढणं बंद झालं, आणि एके दिवशी शिडी धरणारी शिडीवर चढली. काका घरी स्वयंपाक बघू लागले. त्यांच्या हाताला चव होती, त्यामुळे या अदलाबदलीबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती.

मावशींचं पहिलं मोठं काम म्हणजे इमारतीच्या पोटातून तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलेली मुख्य केबल. काका खाली खुर्चीत बसून सूचना देत होते हे खरं, पण प्रत्येक जोड मावशींच्या हातचा. लोक पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवतात, तशा मावशी त्या केबलच्या कपाटाचं दार उघडून दाखवत. "बावीस वर्षं झाली, एक जोड हलला नाही," असं म्हणत आणि समोरचा माणूस तोंडात बोटं घालतोय की नाही ते बघत. बहुतेक जण घालत. न घालून जातात कुठे?

दर महिन्याच्या एक तारखेला त्या प्रत्येक मजल्यावरच्या कपाटात चिमटा लावून आकडे वहीत लिहीत. मोठ्या इमारतीत वीज तीन वायरींतून येते, त्यांना फेज म्हणतात. म्हणून वहीत रकाने तीन. वही बघणाऱ्याला वाटावं की ही बाई विजेची नाडी तपासते. आणि बाईंचंही तेच मत होतं.

अशा या मावशींच्या सूनबाई पहिल्या मजल्यावर भरतकामाचं मशीन चालवत.

मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून. सून कमी बोलणारी. सासूनं घरातलं सगळं बोलणं आधीच बोलून ठेवलेलं असल्यामुळे तिला फारसं उरतही नसे. पण मशीनवर बसली की ती दुसरीच कुणी व्हायची. दोन वर्षं धागे कापत, शेजारच्या बाईच्या खांद्यावरून बघत बघत ती मशीन शिकली होती. बारा सुयांचं, दिव्यांच्या पाटीवर आकडे दाखवणारं ते कोपऱ्यातलं मशीन तिला मिळालं, त्या दिवशी तिनं घरी येऊन सासऱ्यांना त्याचा एकेक आवाज तोंडानं काढून दाखवला होता.

त्या मशीनला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.

एका मोठ्या हॉटेलचं काम आलं होतं. पांढऱ्या टॉवेलच्या कोपऱ्यावर निळा हंस. दिसायला सोपा, पण धागे हजारो. सकाळी सव्वादहाच्या सुमाराला मशीन मध्येच गपकन थांबायचं, पाटी विझायची, परत पेटायची, आणि मशीन आपण कुठे होतो ते साफ विसरलेलं असायचं. पुन्हा सुरू केलं की हंसाची चोच त्याच्या पाठीवर उगवायची. एका हंसाला मानच नव्हती. एकाला दोन होत्या आणि त्या एकमेकींकडे बघत होत्या. शेजारच्या मशीनवाल्या बायका हसून हसून लोळायच्या. सूनबाईंना हसू येत नव्हतं.

दोन आठवड्यांत चोवीस टॉवेल वाया गेले. मालक तसे भले गृहस्थ, आवाज चढवताना स्वतःच घाबरणारे. त्यांनी आधी मशीनचा मेकॅनिक बोलावला. त्यानं सगळं खोलून पाहिलं आणि मशीन ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. मग त्यांनी एक स्टॅबिलायझर आणला. तो दिवसभर टकटक वाजायचा आणि मशीन ठरल्या वेळेला थांबायचं ते थांबायचंच. शेवटी मालकांनी मावशींना बोलावलं.

मावशींचा पहिला संशय वेल्डरवर. वेल्डिंगची कांडी टेकली की एकदम मोठा करंट ओढला जातो, आसपासच्या दिव्यांचा उजेड क्षणभर उतरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मावशी तळमजल्यावर गेल्या आणि वेल्डरला म्हणाल्या, "आज दुपारपर्यंत कांडीला हात लावायचा नाही."

"मावशी, माझं दार आज संध्याकाळी लावायचंय. लोकांच्या घराला दार नाहीये!"

"एक दिवस पडदा लावून झोपतील. बस गप."

वेल्डर बिचारा बसला गप. सव्वादहाला वर हंसाची मान तुटली.

दुसरा संशय लिफ्टवर. लिफ्टची मोटर सुरू होतानाही असाच झटका देते. मावशींनी सकाळभर लिफ्ट बंद ठेवली. नकाशे काढणारे तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढले आणि मावशींच्या सात पिढ्यांचं स्मरण करत उतरले. सव्वादहाला हंस गेला. दुपारी तीनला आणखी एक गेला.

आता मावशींचा पारा चढला. चिमटा घेऊन त्यांनी तिन्ही फेज मोजले. चाळीस, बेचाळीस, एकोणचाळीस. अगदी समसमान. इतका तोल तर सोनाराच्या तराजूतही सापडायचा नाही. पहिल्या मजल्याच्या मधोमध उभं राहून, सात मशीनवाल्यांसमोर आणि मालकांसमोर, त्या ठणकावून म्हणाल्या, "वेल्डर नाही, लिफ्ट नाही. मशीन नीट आहे. वीज नीट आहे. मग उरलं कोण?"

सगळ्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी हातातल्या टॉवेलकडे पाहिलं.

मालक खाकरले. म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. तोवर असंच चाललं तर मशीन दुसरीला द्यावं लागेल. तू तात्पुरती धागे कापायला बस, हं?" तात्पुरतं म्हणजे किती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. धागे कापायला बसलेली बाई परत मशीनवर गेलेली त्या गाळ्यात कुणी पाहिली नव्हती.

तो बुधवार होता.

संध्याकाळी घरी तिघं जेवायला बसले. काकांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सुनेकडे पाहिलं आणि परिस्थितीचा अंदाज घेतला. मग ते सुनेला म्हणाले, "पोरी, मशीन बंद पडतं तेव्हा तिथे तूच असतेस ना? हिला माहीत असतं ते मी बावीस वर्षं ऐकतोय. तू काय बघतेस ते सांग."

सूनबाई जरा घुटमळल्या. "काही नाही, बाबा. म्हणजे... बंद पडायच्या आधी माझ्या डोक्यावरची ट्यूब जास्त उजळते. आणि पंखा पळायला लागतो."

मावशींचा घास हातातच राहिला. "उजळते? मंद होते म्हणायचंय तुला."

"नाही, आई. उजळते. डोळ्यावर येते इतकी."

"रोज?"

"रोज. पहिल्या दिवसापासून."

मावशींनी ताट सारलं. कुठेही मोठा भार पडला की दिवे मंद होतात. उजळत नाहीत. दिवे उजळायला एकच कारण असतं: कुणाच्या तरी वाटची वीज आपल्याकडे आलेली असते, आणि ते दुसरं कुणीतरी त्याच वेळी अंधारात बसलेलं असतं. असं तेव्हाच होतं, जेव्हा वीज परत नेणारी चौथी वायर, न्यूट्रल, कुठेतरी ढिली पडते. तीन फेजांमध्ये वाटणी सारखी ठेवण्याचं काम त्या चौथीचं. तिनं हात सोडला की एकाला जास्त मिळतं, एकाला कमी.

"अगं मग आजवर बोलली का नाहीस?" मावशी ओरडल्याच.

सूनबाईंनी खाली मान घालून सांगितलं, "तुम्हाला विजेचं मी काय सांगणार?"

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर मावशींना बरं वाटलं असतं, कारण टोमण्याला उत्तर देता येतं. पोरीनं अगदी खरं तेच सांगितलं होतं. काकांनी आमटीची वाटी उगाचच पुढे सरकवली. मावशींना ती दिसली नाही. त्यांना दिसत होतं की आपण वेल्डरला बसवून ठेवलं, लिफ्ट थांबवली, तिन्ही फेज मोजले, फक्त मशीनसमोर बसलेल्या माणसाला विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी दहाला मावशी दुसऱ्या मजल्यावर काचा घासणाऱ्यांकडे गेल्या आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न सांगता विचारलं, "सव्वादहाला तुमच्याकडे काय होतं हो?"

गृहस्थ चकित झाले. "माझं चाक मरगळतं. दिवा पिवळा पडतो. गेले दोन आठवडे. मला वाटलं, माझीच नजर गेली. चष्मा बदलला मी."

"सांगायचं नाही का?"

"तुम्हाला?" गृहस्थ म्हणाले आणि लगबगीनं आत गेले.

मावशी निमूट तळमजल्यावर आल्या आणि मुख्य केबलच्या कपाटाचं दार उघडलं. लोकांना दाखवायला नव्हे, स्वतःला बघायला. तीन जाड वायरी आणि शेजारी चौथी, निम्म्या जाडीची. बावीस वर्षांपूर्वी असंच बसवत. तेव्हाचे साधे पिवळे बल्ब, पंखे, मोटरी जेवढं घेत तेवढं नीट एका लयीत घेत. तिन्ही फेजांवर भार सारखा असला की परतीच्या वाटेवर ते एकमेकांना खोडून टाकत, आणि चौथ्या वायरीत वाहायला जवळपास काही उरतच नसे. रिकाम्या वायरीला जाडी कशाला? म्हणून ती बारीक. म्हणूनच वहीत तिला रकानाही नव्हता. काकांनी शिकवलं होतं, मावशींनी पुढे दहा जणांना शिकवलं होतं: न्यूट्रलला चिमटा लावून वेळ घालवू नका.

त्यांनी चिमटा उघडला आणि चौथीभोवती लावला.

एकसष्ट.

मावशींनी चिमटा काढला, मीटर मांडीवर थोपटला, परत लावला. एकसष्ट. तिन्ही फेजांमध्ये चाळीसच्या आसपास आणि जिच्यात काही नसतं असं बावीस वर्षं सांगितलं, त्या बारीक वायरीत सगळ्यांत जास्त! वरच्या जोडावर बॅटरीचा उजेड टाकला तर वायरीचं आवरण तपकिरी पडून करपलेलं, आणि जोडाजवळ जळक्या प्लास्टिकचा वास. ट्यूब उजळते एवढ्यावर हे थांबलं नसतं. हा जोड पेटला असता तर जिना धुरानं भरला असता, आणि वर सात मशीनवाल्या बसलेल्या होत्या. त्यातली एक घरची.

त्यांनी तिथूनच काकांना फोन लावला. काकांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग हळूच म्हणाले, "अगं, बल्ब राहिलेत कुठे आता?"

खरंच कुठे राहिले होते? मावशी जिन्याच्या पायरीवर बसून मनातल्या मनात गाळे मोजू लागल्या. नकाशेवाल्यांकडे अठरा कॉम्प्युटर. दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर चालू ठेवलेले दहा-बारा. सगळीकडे एलईडी दिवे. भरतकामाची सात मशीनं, तीही आतून कॉम्प्युटरच. ही नवी मंडळी वीज एका लयीत घेत नाहीत, लचके तोडून घेतात. तिन्ही फेजांवरचे हे लचके परतीच्या वाटेवर एकमेकांना खोडत नाहीत, उलट एकावर एक साठत जातात. सकाळी दहाला सगळी इमारत सुरू झाली की पंधरा मिनिटांत ती बारीक वायर तापायची आणि जोड सैल व्हायचा. जेवायच्या सुट्टीत निवायचा, तीनपर्यंत परत तापायचा. घड्याळासारखं. वर एकेक कॉम्प्युटर येताना मावशींनी स्वतः त्याला जागा करून दिली होती, प्लग लावून दिले होते, आणि दर महिन्याला तीन समसमान आकडे लिहून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

त्यांनी वही काढली. पट्टी नव्हती, म्हणून मीटरच्या कडेनं रेघ मारून चौथा रकाना आखला आणि त्यात एकसष्ट लिहिलं. मग मुख्य खटका पाडला. वरून चारही दिशांनी आरडाओरडा झाला. मावशींनी जिन्यातूनच सांगितलं, "आज आणि उद्या सुट्टी! घरी जाऊन पोराबाळांचं तोंड बघा!"

शुक्रवारी दिवसभर काम चाललं. बारीक वायर काढून फेजच्याही दीडपट जाडीची नवी चढवली. काका पाठीला पट्टा बांधून आले, त्याच खुर्चीत बसले आणि त्याच सूचना द्यायला लागले. ओझं उचलायला वेल्डर स्वतःहून हजर झाला. सूनबाई शिडी धरून उभ्या होत्या. मावशींनी वरून पाहिलं. पोरगी खालून त्यांचे हात बघत होती, एकही हालचाल न चुकवता. हे बघणं मावशींना चांगलं ओळखीचं होतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडून आलं ते एवढंच, "पाना दे."

आता, खरं सांगायचं तर मावशींना यातून अलगद सुटता आलं असतं. वायर जुनी झाली होती, बदलली. असं म्हटलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. शिवाय निम्मी वायर त्या काळी सगळेच बसवत, हेही खोटं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी काकांनीच तसं सुचवून पाहिलं. "तू कुठे चुकलीस? तेव्हा बरोबरच होतं ते."

"बसवलं तेव्हा बरोबर होतं," मावशी म्हणाल्या. "बुधवारी नव्हतं."

शनिवारी सकाळी पहिला मजला गच्च भरला. काचा घासणारे आले होते, नकाशेवाले दोघं आले होते, वेल्डर दारात उभा होता. सूनबाईंनी मशीन सुरू केलं. दहा वाजले. सव्वादहा वाजले. मावशींच्या सांगण्यावरून वेल्डरनं खाली जाऊन एकामागून एक कांड्या टेकल्या, लिफ्ट चार वेळा रिकामीच वरखाली झाली. ट्यूबनं डोळासुद्धा मिचकावला नाही. पावणेअकराला मशीन थांबलं, कारण हंस पूर्ण झाला होता. चोच चोचीच्या जागी, मान एक आणि ती बरोबर अंगाला जोडलेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी टॉवेल उलटासुलटा करून पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"चला, मशीन तुझं तुलाच," ते सूनबाईंना म्हणाले. मग मावशींकडे वळले. "वायर जुनी झाली होती म्हणायची, नाही का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "वायरीचा दोष नाही. मी बावीस वर्षं तीन वायरी मोजल्या आणि चौथी मोजली नाही. इमारत बदलली, मी बदलले नाही. चूक माझी."

मावशींच्या तोंडून हे दोन शब्द या इमारतीनं कधी ऐकले नव्हते. मालक तर इतके गोंधळले की त्यांनीच माफी मागितली.

मावशी सुनेच्या मशीनजवळ गेल्या. आवाज खाली आणून पुटपुटल्या, "आणि बुधवारी तुला जे बोलले, ते..."

सूनबाईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "आई, बुधवारी मोठ्यानं बोलला होतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. दारातून वेल्डर पुढे झुकला. मावशी एक क्षण सुनेकडे बघत राहिल्या. मग त्या मजल्याच्या मधोमध गेल्या, बुधवारी उभ्या होत्या तिथेच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"ऐका! माझ्या सुनेची चूक नव्हती. दोष तिनंच शोधला. मी तिला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडला असता. आणि तिला सांगायला भीती वाटली, तीही माझ्यामुळेच."

सूनबाई रडत रडत हसल्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, पुढचा टॉवेल चौकटीत ताणून बसवला आणि म्हणाल्या, "आई, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मीटरमावशी मुकाट्यानं बाजूला झाल्या.